लोक येत होते

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवारची दुपार. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड कोलिझियम या बेसबॉलच्या मैदानात ४६,८८९ माणसं, आणि शेवटच्या इनिंगला त्यातलं कोणीही खाली बसलेलं नाही. घरच्या संघाला ३-२ अशी निसटती आघाडी. चेंडू मेसन मिलरच्या हातात. ताशी शंभर मैलांच्या वर वेग सहज गाठणारा हा पोरगा. टेक्सास रेंजर्सच्या ट्रॅव्हिस जँकोस्कीने मारलेला चेंडू घरंगळत थर्ड बेसकडे गेला, मॅक्स शूमनने तो उचलून फर्स्ट बेसला फेकला, आणि सामना संपला. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे आमचे ‘एज’, जिंकले. ५७ हंगामांनंतर त्या शहरातलं मोठ्या लीगचं बेसबॉलही त्याच फेकीबरोबर संपलं.

मी वरच्या मजल्यावर होतो, शेजारी मुलगी. आमच्या पुढच्या ओळीत सत्तरीचे एक गृहस्थ पहिल्या चेंडूपासून पेन्सिलने स्कोअरबुक भरत होते. शेवटचा बाद त्यांनी नीट चौकटीत लिहिला, पण वही मिटली नाही. मांडीवर उघडी ठेवून ते मैदानाकडे पाहत बसले. खाली खेळाडू टोप्या काढून उभे होते. मॅनेजर मार्क कॉटसी याच मैदानावर स्वतः खेळलेला. त्याने माइक घेऊन लोकांचे आभार मानले आणि ‘लेट्स गो ओकलंड’चा गजर स्वतः सुरू करून दिला. मैदानाची निगा राखणारे कर्मचारी कठड्यापाशी येऊन लोकांना माती देत होते. लोक सरबताचे रिकामे पेले, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जे हाताला लागेल ते पुढे करत होते. आम्हाला अर्धा पेला मिळाली.

बेसबॉलशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांसाठी एवढंच, की या लीगमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. इतक्या लांब हंगामात संघ घरातल्या माणसासारखा होऊन जातो. रोज संध्याकाळी त्याचं काय झालं ते पाहायचं, हरला तर थोडं चिडायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी २००१ साली नोकरीसाठी ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला आलो तेव्हा चौघांत एक घर भाड्याने घेतलं होतं. बुधवारी दोन डॉलरचं तिकीट आणि एक डॉलरचा हॉटडॉग अशी सोय होती. आम्ही बार्ट या लोकल गाडीने कोलिझियम स्टेशनला उतरायचो आणि जाळीच्या लांब पुलावरून चालत आत शिरायचो. २००२ मध्ये या संघाने सलग वीस सामने जिंकले तेव्हा आम्हाला खेळाचे निम्मे नियमसुद्धा कळत नव्हते. पण उजव्या बाजूच्या बाकांवरचे ड्रम कळत होते. ढोल वाजायला लागला की मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता हंगामाचा आढावा. गुणतक्ता सांगतो ६९ विजय, ९३ पराभव. पाच संघांच्या गटात चौथा क्रमांक. वरवर पाहता वाईटच. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, ५० विजय आणि ११२ पराभव होते. एका वर्षात १९ सामने जास्त जिंकणं ही लहान गोष्ट नाही, तीसुद्धा लीगमध्ये खेळाडूंवर सर्वांत कमी खर्च करणाऱ्या संघाने. ब्रेंट रूकरने ३९ होमरन मारले, ११२ धावा घडवून आणल्या. लॉरेन्स बटलर सुरुवातीला चाचपडत होता; जुलैत एकदम उमलला. १४ जुलैला फिलाडेल्फियात जाऊन या पोरांनी १८-३ असा सामना जिंकला, एका दुपारी आठ होमरन! हंगामाच्या दुसऱ्या अर्धात जिंकलेले आणि हरलेले सामने जवळजवळ सारखेच होते. म्हणजे संघ पायावर उभा राहत होता, आणि नेमका तेव्हाच त्याला गावातून उचललं गेलं.

लास वेगासकडच्या या स्थलांतराचं समर्थन एका वाक्यात केलं जातं: लोक येत नव्हते. २०२४ ची सरासरी हजेरी ११,३८६, लीगमध्ये सर्वांत कमी. आकडा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे, आणि तो खोटा का आहे हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. कारण हेच वाक्य उद्या दुसऱ्या शहराला, परवा तिसऱ्या शहराला ऐकवलं जाईल.

२०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी एजनी ९७ सामने जिंकले. २ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री टँपा बेविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याला याच जुनाट कोलिझियममध्ये ५४,००५ लोक आले होते. त्यानंतर काय झालं? संघाचे चांगले खेळाडू एकेक करून दुसऱ्या संघांत गेले. आधी मार्कस सेमियन. २०२२ चा हंगाम सुरू होण्याआधी काही दिवसांत मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरंटोला, ख्रिस बॅसिट न्यूयॉर्कला. वर्षअखेरीस शॉन मर्फी. ओल्सनने पुढच्याच वर्षी अटलांटासाठी ५४ होमरन मारले. इकडे हंगामी तिकिटांचे दर वाढवले गेले. ‘ओकलंडमध्ये रुजलेले’ हे क्लबचं स्वतःचं घोषवाक्य; ते भिंतीवर असतानाच लास वेगासशी बोलणी सुरू होती. दुकानदाराने चांगला माल एकेक करून बाहेर काढला, भाव चढवले, दारावर ‘दुकान हलणार आहे’ अशी पाटी लावली आणि मग गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गावाला बोल लावला, तर आपण त्याला काय म्हणू? ११,३८६ ही ओकलंडच्या प्रेमाची मोजणी नाही. ती मालकाच्या धोरणाची मोजणी आहे.

आणि लोकांनी उत्तर दिलं नाही असंही नाही. १३ जून २०२३ चा मंगळवार. संघ इतका हरत होता की त्याच्याकडून कोणालाच आशा नव्हती. चाहत्यांनी आपसांत ठरवलं, बहिष्काराच्या उलट करायचं: सगळ्यांनी यायचं. २७,७५९ लोक आले. अंगावर हिरवे शर्ट, त्यावर एकच शब्द, ‘सेल’, म्हणजे विकून टाक. मालक जॉन फिशर यांना उद्देशून. त्या रात्री एजनी टँपा बेला २-१ हरवलं, ओळीने सातवा विजय. त्याच दिवशी, लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला, आणि दोन दिवसांत राज्यपालांची सहीही झाली. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड त्या गर्दीबद्दल म्हणाले ते असं, की एका रात्रीसाठी का होईना, जवळजवळ सरासरीएवढी गर्दी झाली हे छानच. सत्तावीस हजार लोक एका तोंडाने काहीतरी सांगत असताना ज्याला फक्त आकडा ऐकू येतो, त्याच्या हातात खेळाची सूत्रं असावीत का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान झालं. तीस संघ, तीस मालक. ३० विरुद्ध ० मतांनी स्थलांतर मंजूर. ओकलंडच्या एकाही नागरिकाला मत नव्हतं. २०२४ च्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी हजारो लोक कोलिझियमपर्यंत आले, पार्किंगमध्ये शेगड्या पेटवल्या, ड्रम वाजवले, आणि आत गेले नाहीत. तिकिटाच्या पैशातून त्याच मालकाचा खिसा भरायचा नाही म्हणून. आत १३,५२२ ची नोंद झाली. बाहेरच्यांना कोणी मोजलं नाही.

हे असंच होणार होतं, धंद्याला इलाज नसतो, असं म्हणणाऱ्यांनी या संघाचाच इतिहास पाहावा. १९८० साली वॉल्टर हास यांनी एज विकत घेतले. हे लीव्हाय जीन्सवाले हास. संघ तेव्हाही खंगलेला होता, मैदान तेव्हाही काँक्रीटचं होतं. हास कुटुंबाने खेळाडूंवर पैसा लावला, शाळांशी आणि वस्त्यांशी नातं जोडलं. १९८९ मध्ये एजनी विश्वविजेतेपद मिळवलं, तेही खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना हरवून, भूकंपाने मध्येच थांबलेल्या मालिकेत. १९९० मध्ये या ‘न येणाऱ्या’ लोकांची संख्या वर्षाला २९ लाख होती. हास यांचं १९९५ मध्ये निधन झालं. २००५ मध्ये लू वुल्फ आणि जॉन फिशर यांनी संघ घेतला. फिशर म्हणजे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गॅपचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा तिथे लीव्हायच्याच जीन्स विकल्या जात होत्या. शहर एक, मैदान एक, पैसाही एकाच कापडातून आलेला. एकाने संघाला गावाची ठेव मानलं आणि दुसऱ्याने आपली मालमत्ता. मग सगळी भिस्त मालकाच्या स्वभावावरच सोडायची का?

याच हास यांच्या उदारपणाची एक गोष्ट मन खिन्न करते. १९९० च्या सुमारास जायंट्स अडचणीत होते, त्यांना सॅन होजेकडे जाण्याचा विचार करायचा होता. हास यांनी तिथे संघ नेण्याचा हक्क त्यांना एक पैसा न घेता देऊन टाकला. जायंट्स गेलेच नाहीत. हक्क मात्र त्यांच्याकडे राहिला. पुढे एजना स्वतःला सॅन होजेत जायचं होतं तेव्हा तोच हक्क आडवा आला. सॅन होजे शहर न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये हरलं, कारण १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. शंभर वर्षं जुनी सूट! इतर कोणत्याही धंद्यात तीस मालकांनी एकत्र बसून देशाचे तुकडे वाटून घेतले, तर सरकार त्यांच्या दारात उभं राहील. इथे राज्याची परवानगी आहे. ज्यांना जनतेने कायद्यातून इतकी मोठी सवलत दिली, त्यांच्यावर जनतेचं काहीच देणं लागत नाही, हे मला मान्य नाही.

समोरची बाजू खोटी नाही, तिचंही ऐकलं पाहिजे. कोलिझियम १९६६ चं. मैदान समुद्रसपाटीच्या खाली. जून २०१३ मध्ये सांडपाणी उलटून ड्रेसिंग रूममध्ये शिरलं आणि दोन्ही संघांना वरच्या मजल्यावर अमेरिकन फुटबॉल संघाच्या खोलीत जाऊन आंघोळी कराव्या लागल्या. मीसुद्धा तिथल्या स्वच्छतागृहांची स्तुती करणार नाही. ओकलंड महापालिकेचं कामही ढिसाळ होतं. हॉवर्ड टर्मिनलवरच्या बंदरालगतच्या स्टेडियमची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. पण ती योजना म्हणजे नुसतं मैदान नव्हतं. घरं, कार्यालयं, हॉटेलं धरून १२०० कोटी डॉलरचा बांधकामाचा पसारा होता, आणि त्यासाठी लागणाऱ्या रस्ते-पुलांचा पैसा शहराने उभा करावा अशी अपेक्षा होती. महापालिका नको म्हणाली नव्हती. पैसा जमवत होती. एप्रिल २०२३ मध्ये क्लबने लास वेगासमध्ये जागेचा करार केल्याची बातमी आली आणि बोलणी तिथेच संपली.

शिवाय ओकलंड एकदा पोळलेलं शहर आहे. १९९५ मध्ये रेडर्स हा फुटबॉल संघ परत आणायचा म्हणून शहराने आणि काउंटीने कर्ज काढून याच कोलिझियममध्ये खुर्च्यांचा एक प्रचंड डोंगर उभा केला. रेडर्सच्या मालकाच्या नावावरून लोक त्याला ‘माउंट डेव्हिस’ म्हणतात. त्या बांधकामाने बेसबॉलच्या प्रेक्षकांना पूर्वी दिसणाऱ्या मागच्या टेकड्या कायमच्या झाकल्या. रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेले. कर्जाचे हप्ते लोक त्यानंतरही फेडत राहिले. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्येच खाडीपलीकडे गेलेले. पाच वर्षांत तीन संघ. अशा शहराने सही करण्याआधी दहादा विचार केला, तर तो दोष नव्हे.

नेवाडात मात्र शिक्षकांच्या संघटनेने हा पैसा शाळांना द्या म्हणून सार्वमताची मागणी केली; अर्जाच्या मजकुरात त्रुटी आहेत या कारणावरून मे २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज बाद केला. स्टेडियमवर ओतलेला सार्वजनिक पैसा शहराच्या अर्थव्यवस्थेत भरून येत नाही, याबद्दल अर्थतज्ज्ञांमध्ये एरवी क्वचित दिसणारं एकमत आहे. माणूस एक संध्याकाळ मैदानावर खर्च करतो तेव्हा तीच संध्याकाळ तो शहरातल्या दुसऱ्या खाणावळीत किंवा नाटकाला खर्च करत नाही, इतकं ते सरळ आहे. तरीही शहरं पैसा देतात, कारण नाही दिला तर संघ जाईल ही भीती असते. आणि ही भीती खरी ठरावी यासाठी एखाद्या ओकलंडचा बळी लागतो. तो पाहून पुढचं शहर मुकाट्याने सही करतं.

पुण्यातले वाचक म्हणतील, आमचा सुपरजायंट २०१७ मध्ये एका धावेने अंतिम सामना हरला आणि नाहीसाच झाला, त्याचं काय? तो संघ मुळातच दोन वर्षांच्या कराराचा होता, सगळ्यांना ते ठाऊक होतं. ओकलंडमध्ये आजोबा, वडील, नात अशा तीन पिढ्या एकाच बाकावर बसल्या आहेत. रिकी हेंडरसन याच शहरात वाढला, इथल्याच शाळेतून निघून या मैदानावर धावला आणि बेस चोरण्याचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला चकवून पुढचा बेस गाठण्याचा, मोठ्या लीगचा विक्रम १९९१ मध्ये याच मैदानावर मोडून पुढे १,४०६ पर्यंत नेला. क्रिकेटच्या मैदानावर आपण हात वर करत जी लाट उठवतो, तीसुद्धा १५ ऑक्टोबर १९८१ ला इथेच जॉर्ज हेंडरसन नावाच्या ढोलवाल्या चाहत्याने उठवली होती, आणि टीव्हीवर देशाने पाहिली होती. वानखेडेवर उभं राहून हात उंचावणाऱ्या माणसालाही ओकलंडने काहीतरी दिलं आहे.

हो, ओकलंडनेही हा संघ १९६८ मध्ये कॅन्सस सिटीकडून घेतला आणि कॅन्सस सिटीने त्याआधी फिलाडेल्फियाकडून. म्हणून ओकलंडला तक्रारीचा हक्क नाही, असं मला वाटत नाही. उलट, तीन शहरांची एकच कहाणी असेल तर दोष शहरांत शोधायचा की नियमात?

नियम बदलता येतो. क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ १९९५ मध्ये हलवायचं ठरलं तेव्हा ते शहर भांडलं. संघाचं नाव, रंग आणि इतिहास शहराकडेच राहिले. त्या अनुभवातून ओहायो राज्याने १९९६ मध्ये कायदा केला: सार्वजनिक पैशाच्या मैदानात खेळणाऱ्या संघाला हलवायचं असेल तर सहा महिने आधी नोटीस द्या आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्या. २०१८ मध्ये कोलंबस क्रू या सॉकर संघासाठी हाच कायदा वापरला गेला, नवे मालक पुढे आले, संघ गावातच राहिला. ग्रीन बेसारख्या छोट्या गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे, आणि तो कुठे जाईल अशी धास्ती तिथे कोणाला नाही. ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली यांनी २०२३ मध्ये विधेयक आणलं होतं: संघ दूर नेणाऱ्या मालकाने मागे राहिलेल्या शहराला भरपाई द्यावी, नाहीतर मक्तेदारीची सूट जाईल. ते पुढे सरकलं नाही. ते पुन्हा आणलं गेलं पाहिजे, आणि त्यात ओहायोचं कलमही घातलं पाहिजे. आम्ही बे एरियातले मराठी लोक मंडळाच्या गणपतीला आमदार-खासदारांना बोलावून शाल-श्रीफळ देतो. त्यांच्यापुढे हा विषयही मांडायला काय हरकत आहे? कर आम्हीही भरतो, आमची मुलं याच बाकांवर वाढली आहेत.

फिशर यांनी शेवटच्या आठवड्यात चाहत्यांना खुलं पत्र लिहून खेद व्यक्त केला. त्यानंतर संघ वेस्ट सॅक्रामेंटोत, जेमतेम १४,००० माणसं मावतील अशा छोट्या लीगच्या मैदानावर गेला. लास वेगासचं स्टेडियम २०२८ मध्ये उघडेपर्यंत तिथेच. नाव नुसतंच ‘अ‍ॅथलेटिक्स’, गावाशिवाय. २०२५ मध्ये तिथली सरासरी हजेरी दहा हजारांच्या आत राहिली. लोक येत नाहीत, असं तिथे मात्र कोणी म्हणत नाही.

रिकी हेंडरसन २० डिसेंबर २०२४ ला गेला. शेवटच्या सामन्याच्या आधी पहिला चेंडू फेकायला तो आला होता, बरोबर एजचा जुना खेळाडू, ओकलंडचाच डेव्ह स्ट्युअर्ट. तीन महिनेही झाले नव्हते.

वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कवर २०२४ पासून बॉलर्स नावाचा नवा संघ खेळतो. लहान लीग, लोखंडी बाकं. त्यांनी मालकीचा काही हिस्सा चाहत्यांनाच विकला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पायोनियर लीग जिंकली. मुलीला मी तिथे घेऊन जातो. आता बार्टमधून आम्ही कोलिझियमच्या पुढच्या स्टेशनांवर उतरतो. गाडी त्या जाळीच्या पुलाजवळून जाताना ती अजूनही खिडकीकडे सरकते.